हगवणीत एवढं पाणी सुटतं कुठून? आतड्यातल्या मज्जातंतूंच्या शोधाची पार्श्वभूमी

"ओआरएस पाजलं तरी संडास थांबून नाही राहिली, सलाईनच लावा नं." पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्याही उपकेंद्रात हे वाक्य ऐकायला मिळतं. आशाताईंनी दिलेली पुडी अर्धी वापरून तशीच पडून राहते आणि लेकराला कडेवर घेऊन मायबाप तालुक्याच्या गावी खाजगी दवाखाना गाठतात. त्या आईचं निरीक्षण मात्र शंभर टक्के खरं आहे. साध्या ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. तरीही जीव वाचतो. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आतड्यात पाणी सुटण्याचा हुकूम कोण देतं हे आधी पाहावं लागतं. हा शोध लागायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

धडधाकट माणसाच्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला दोनेक लिटर आपण खातो-पितो तो. बाकी सगळा शरीराचाच : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याच्या अस्तरातून पाझरणारा स्राव. यातला जवळजवळ सगळा परत रक्तात शोषला जातो आणि शौचातून जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर बाहेर पडतो. इतक्या मोठ्या देवघेवीत थोडा जरी तोल गेला, तरी तान्ह्या बाळाचे डोळे काही तासांत खोल जातात.

1857 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ माइसनर यांनी आतड्याच्या अस्तराखाली मज्जातंतूंचं बारीक जाळं असल्याचं दाखवलं. थोड्याच वर्षांत आउअरबाख यांना स्नायूंच्या दोन थरांमध्ये दुसरं जाळं सापडलं. पण ही जाळी करतात काय? पहिला ठोस धागा दिला तो फ्रान्समधल्या आर्मां मोरो यांनी, 1868 मध्ये. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याचे शेजारशेजारचे तीन तुकडे दोऱ्याने बांधून वेगळे केले आणि मधल्या तुकड्याकडे जाणारे मज्जातंतू तेवढे कापले. काही तासांनी पाहिलं तर दोन्ही बाजूंचे तुकडे रिकामे होते आणि मधला पाण्याने टम्म फुगला होता. म्हणजे बाहेरून येणारे मज्जातंतू स्रावाला सतत आवर घालत असतात आणि तो आवर सुटला की आतडं आपोआप पाणी सोडू लागतं. मला हा प्रयोग सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. साधनं म्हणाल तर दोरा आणि कात्री, एवढीच.

दुर्दैवाने तो धागा पुढे बराच काळ सुटला. 1902 मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन हे संप्रेरक शोधलं. मज्जातंतू तोडले तरी रक्तातून गेलेला रासायनिक निरोप स्वादुपिंडाला रस सोडायला लावतो, हे त्यांनी सिद्ध केलं. शोध मोठाच होता, पण सगळ्यांचं लक्ष संप्रेरकांकडे वळलं. केंब्रिजच्या लँगली यांनी 1921 मध्ये आतड्याच्या मज्जासंस्थेला स्वतंत्र शाखेचा दर्जा दिला. तिच्यात कोट्यवधी चेतापेशी आहेत आणि मेंदूला न विचारता ती बरीचशी कामं उरकते. तरी या गोष्टीकडे बरीच वर्षं फारसं कोणी फिरकलं नाही.

मग हा विषय पुढे सरकला तो पटकीमुळे, म्हणजे कॉलऱ्यामुळे. वऱ्हाडात पटकीची देवी मानल्या जाणाऱ्या मरीमायची ठाणी आजही गावोगाव आहेत आणि गाडगेबाबा झाडू घेऊन गावं झाडत फिरले, तो काळ पटकीच्या साथींचाच होता. हा आजार सरला म्हणावं, तर जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचं दूषित पाणी पिऊन अनेक जण आजारी पडले, काही दगावले. पटकीचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोच यांनी 1884 मध्ये कोलकात्यात ओळखला होता. पण तो माणसाला मारतो कसा हे कळायला 1959 उजाडलं. शंभुनाथ डे यांनी कोलकात्यातच, तुटपुंज्या साधनांवर, सशाच्या आतड्याचे तुकडे बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू एकही नव्हता, तरी तुकडे पाण्याने भरले. म्हणजे काम जंतूच्या विषाचं होतं. पुढे अस्तर तपासलं तर ते जवळजवळ शाबूत! आतड्याला ना जखम ना भोक. ते धडधाकट राहूनच पाणी ओततं. डे यांना हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, याची खंत वाटते.

अस्तर शाबूत असणं, हीच ओआरएसची किल्ली ठरली. साखर आणि मीठ आतड्यातून हातात हात घालूनच आत जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडलं. पटकीचं विष पेशीतून क्लोराइड (मिठाचा एक घटक) बाहेर सोडायला लावतं, त्यामागून सोडियम आणि पाणी जातं. पण साखर-मिठाचा आत येण्याचा मार्ग वेगळा असतो आणि तो उघडाच राहतो. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपात साखर-मिठाचं पाणी कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजलं. ज्या साथीत शंभरातले तीसेक जण जात होते, तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं. जुलाब चालूच होते. पण जात होतं त्याहून जास्त आत येत होतं. म्हणून बाळाला लघवी होते का, ते तरतरीत आहे का, हे बघायचं. संडास किती वेळा झाली यावर पुडी बंद करायची नाही.

आता हुकूम कोण देतं, त्याकडे वळू. पटकीचं विष थेट अस्तराच्या पेशींवर काम करतं आणि विषय संपला, असं 1970च्या दशकात मानलं जाई. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी 1980च्या सुमारास त्याला धक्का दिला. त्यांनी पटकीचं विष दिलेल्या प्राण्यांच्या आतड्यातले मज्जातंतू औषधांनी बधिर केले. त्यातलं एक तर आपले दातांचे डॉक्टर वापरतात तेच लिडोकेन. स्राव निम्म्याहून खाली आला! म्हणजे विषाचा बराचसा परिणाम मज्जातंतूंमार्फत होतो. अस्तरातल्या काही खास पेशी विषाच्या स्पर्शाने सेरोटोनिन नावाचं निरोप्या रसायन सोडतात, ते मज्जातंतूंची टोकं चाळवतं, निरोप माइसनरच्या जाळ्यातून फिरतो आणि परत अस्तरापर्यंत येऊन क्लोराइडचा दरवाजा उघडतो. पुढे 2000 मध्ये याच गटाने उंदरांवर दाखवलं की लहान मुलांना छळणारा रोटाव्हायरससुद्धा याच जाळ्याचा आधार घेतो.

दाहाचा धागा याच काळात जोडला गेला. जंत, जंतू किंवा न मानवणारं अन्न आलं की अस्तराखालच्या मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फुटून हिस्टामिन सोडतात, तर इतर पेशी प्रोस्टाग्लँडिनं बनवतात; दोन्ही दाह वाढवणारी रसायनं. हे पदार्थ अस्तरावर थेट काम करतात, असा समज होता. गायीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी मुद्दाम निर्माण केलेल्या गिनिपिगांच्या आतड्यावर तेच प्रथिन टाकलं, तेव्हा काही क्षणांत स्राव वाढला. मज्जातंतू बधिर करून पुन्हा टाकलं, तर बराच कमी झाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मास्ट पेशी मज्जातंतूंना अक्षरशः खेटून बसलेल्या दिसतात. प्रतिकारशक्ती धोका ओळखते आणि मज्जातंतू पाणी सोडून तो धुऊन काढायला लावतात. मूळ हेतू बचावाचाच असतो. अंगावर येतो तो त्याचा अतिरेक.

या समजुतीतून औषधंही आली. आतड्यात स्राव रोखणारी एन्केफॅलिन नावाची नैसर्गिक द्रव्यं असतात, ती लवकर विघटित होऊ नयेत याची काळजी रेसकॅडोट्रिल घेतं. त्यामुळे आतड्याची हालचाल न थांबवता स्राव कमी होतो. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी मात्र प्रामुख्याने आतड्याची हालचाल मंदावते. आतला जंतू आणि त्याचं विष आतच मुक्काम ठोकतं, म्हणून लहान मुलांना ती देऊ नये. ओआरएससोबत जस्ताची (झिंकची) गोळी 10 ते 14 दिवस पूर्ण द्यायची, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज 10 आणि मोठ्या मुलांना 20 मिलिग्रॅम. आणि शौचात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी असते. तिथे अस्तरच सोललेलं असतं आणि दाह नुसत्या स्रावापुरता राहिलेला नसतो. अशा लेकराला ओआरएस पाजत पाजतच त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.