'रिफ्लेक्शन'पर्यंतची वाट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या श्रवणमंडळात येत्या रविवारी 'द शॅडोज'चा 'रिफ्लेक्शन' ऐकायचा आहे. १९९० साली पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीने काढलेला हा या इंग्लिश बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. गायक नाही, सगळी भिस्त गिटारवर. पण त्यातल्या बहुतेक धुना म्हणजे इतरांची गाजलेली गाणी. बँडचा सुरुवातीचा काळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा शेवट खटकतो. मलाही खटकतो. म्हणूनच तो कसा आला, हे ऐकण्याआधी माहीत असावं.

सुरुवात १९५८ची. लखनौला जन्मलेला आणि १९४८ मध्ये कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेलेला हॅरी वेब तिथे क्लिफ रिचर्ड नावाने गाऊ लागला होता. त्याला साथ करायला हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च हे दोन गिटारवादक आले. बँडचं नाव 'ड्रिफ्टर्स' होतं. अमेरिकेत त्याच नावाचा गायकवृंद आधीपासून असल्यामुळे १९५९ मध्ये ते बदलून 'शॅडोज' झालं. त्याच वर्षी क्लिफने हँकसाठी अमेरिकेहून लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली. या गिटारला एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल होऊन सूर खाली येतो, सोडली की पुन्हा जागेवर. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हँकचा हात लगेच आपलासा वाटतो, त्याचं एक कारण ही दांडी असावी.

जुलै १९६० मध्ये 'अपाची' ही धून आली आणि साथीदारांचा हा बँड स्वतःच्या बळावर इंग्लंडमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. पाच आठवडे तिथेच राहिला. रविवारी आधी हीच ऐकू या. पहिल्या ढोलाकडे लक्ष द्या, तो खुद्द क्लिफ वाजवतो आहे. मग ब्रूसच्या साध्या, वीज नसलेल्या गिटारचा ठेका सुरू होतो आणि त्यावर हँकचा सूर उमटतो. प्रत्येक सुरामागे त्याचा पुसट प्रतिध्वनी येतो, तो इटालियन बनावटीच्या एको यंत्राचा. हँक घाई करत नाही. एक सूर लावतो, त्याचा प्रतिध्वनी विरू देतो, मगच पुढे जातो. इतक्या थोड्या सुरांत इतकं सांगणारं गिटारवादन मी फार कमी ऐकलं आहे.

'अपाची' बँडने बांधलेली नाही, ती जेरी लॉर्डनची. पण ती मुळातच वाद्यासाठी बांधलेली धून आहे. 'वंडरफुल लँड'ही त्याचीच. १९६२ मध्ये ती आठ आठवडे अव्वल होती. 'फूट टॅपर' हँक आणि ब्रूसची, १९६३ची. या धुनांना शब्द कधी नव्हतेच, त्यामुळे त्यांना सुरांवरच उभं राहावं लागलं. वरातीतल्या बँडने सिनेमातलं गाणं वाजवलं की अर्धं काम ऐकणाऱ्याच्या डोक्यातले शब्द करतात. धुनेला तो आधार नसतो. सयाजीरावांच्या काळात, १८८६ मध्ये, गायक मौलाबक्षांनी जिथे गायनशाळा सुरू केली, त्या बडोद्यात हा फरक फोड करून सांगायची गरज नाही.

'फूट टॅपर'नंतर त्यांची एकही सुटी धून पहिल्या क्रमांकावर गेली नाही. बीटल्स आले आणि लोकांना गाणारे बँड हवे झाले. १९६८च्या अखेरीस शॅडोज फुटले, १९७३ मध्ये पुन्हा जमले. १९७५च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत ते चक्क गायले आणि दुसरे आले. १९७७ मध्ये जुन्या धुनांचा संग्रह इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. दोन वर्षांनी लोकप्रिय गाण्यांच्या धुनांचा 'स्ट्रिंग ऑफ हिट्स'ही तिथवर पोचला.

माझ्या मते इथेच वाट ठरली होती. तरी त्यांनी एकदा उलट जाऊन पाहिलं. १९८४च्या 'गार्डियन एंजल'मध्ये बहुतांश रचना स्वतःच्या होत्या. तो जेमतेम पहिल्या शंभरांत आला. १९८६चा 'मूनलाइट शॅडोज' दुसऱ्यांच्या गाण्यांचा. तो सहाव्या क्रमांकावर गेला. एवढं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर कंपनीने काय मागितलं असेल, हे उघड आहे.

'रिफ्लेक्शन' याच रांगेतला. 'आय ऑफ द टायगर', 'राइट हिअर वेटिंग', बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' असा त्याचा मजकूर. तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे विक्रीच्या हिशेबाने निरोप चांगलाच झाला. १ डिसेंबर १९९० रोजी साउदॅम्प्टनला त्यांचा कार्यक्रम झाला आणि बँड थांबला. पुढे २००४ मध्ये दौऱ्यासाठी आणि २००९ मध्ये क्लिफबरोबर ते एकत्र आले, पण केवळ वाद्यांचा नवा स्टुडिओ अल्बम मात्र पुन्हा झाला नाही.

रविवारी 'राइट हिअर वेटिंग' लागेल तेव्हा मनातल्या मनात शब्द म्हणू नका, एवढी विनंती. नुसता हँकचा हात ऐका. सूर लांबवताना तो किंचित थरथरवतो, आणि ती लकब १९६० मध्ये होती तशीच आहे.