हाक किती दूर पोहोचते?

१९८४ साली संशोधिका केटी पेन अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना त्यांना आवाज ऐकू आला नाही. हवेत हलकी धडधड मात्र जाणवली. हत्तींच्या गुरगुरण्यातील बराचसा भाग २० हर्ट्‌झच्याही खाली, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडे असतो, हे त्यातून उलगडले. असा आवाज किती दूर जाईल, हे हत्तीच्या ताकदीइतकेच त्या वेळच्या हवेवर अवलंबून असते.

आफ्रिकेतील सॅव्हानात दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा सर्वांत उष्ण असते आणि उष्ण हवेत ध्वनीचा वेग अधिक असल्यामुळे लहरी वर वळून दूरच्या कळपाच्या डोक्यावरून निघून जातात. सूर्य मावळल्यावर जमीन झपाट्याने निवते, थंड हवा खाली आणि उबदार हवा वर अशी रचना तयार होते, आणि वर निघालेल्या लहरी पुन्हा जमिनीकडे वळू लागतात. वाराही बहुधा पडलेला असतो. दुपारी काही किलोमीटरांत विरणारी तीच हाक अशा संध्याकाळी १० किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते, असे गणित सांगते. एकाच प्राण्याचे ‘ऐकू जाण्याचे क्षेत्र’ दिवसातून असे आकसते आणि पसरते, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

अडथळा नसतानाही अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. जंगलात त्यावर पानाफांद्यांची भर पडते. २० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे १७ मीटर असते, त्यामुळे झाडाचे खोड त्याच्या खिजगणतीत नसते. १०,००० हर्ट्‌झच्या किरकिरीची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, म्हणून ती पानापानावर आपटून विखुरते. शिवाय प्रतिध्वनींमुळे लागोपाठचे स्वर एकमेकांत मिसळतात. घनदाट जंगलातील ग्रेट टिट पक्ष्यांचे गाणे मोकळ्या माळावरच्या त्यांच्याच जातभाईंपेक्षा खालच्या पट्टीचे आणि संथ आढळते, ते याच कारणाने.

झाडांवरच्या रातकिड्यांच्या काही जातींतील नर तर स्वतःच उपाय करतात. पंखांच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी कडेला भेटून एकमेकींना खोडून काढतात. म्हणून नर पानाच्या मधोमध आपल्या पंखांच्या मापाचे छिद्र कुरतडतो, त्यात बसून पंख पानाच्या पातळीत उभारतो आणि गातो. पान मध्ये आल्याने दोन्ही लहरींची गाठ पडत नाही आणि आवाज ठळकपणे वाढतो. लहान चणीचे, क्षीण आवाजाचे नरच ही मेहनत अधिक घेताना दिसतात.