रुग्णसेवेतील वेदना व समन्याय

रुग्णाचे शरीर ही वैद्याने तपासायची वस्तू असते आणि त्याच वेळी रुग्णाचा जगण्याचा अनुभवही असतो. या दुहेरीपणातून वेदनेच्या उपचाराबाबत उभ्या राहणाऱ्या नैतिक प्रश्नांचा विचार येथे अभिप्रेत आहे. हा भेद तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांचा. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये तो विस्ताराने मांडला. मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दिसते, वेदना दिसत नाही. तिच्याविषयी बहुधा रुग्णाचे सांगणेच हाती असते. कोणाचे सांगणे खरे मानले जाते आणि कोणाचे नाही, हा समन्यायाचा, म्हणजे सर्वांना न्याय्य वागणूक मिळण्याचा, गाभ्याचा प्रश्न होय.

रुग्णाच्या कथनाला प्रमाण मानण्याचा आरंभ केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांच्या १९४६ च्या लेखापर्यंत मागे नेतात. युद्धात गंभीर जखमी झालेले बरेच सैनिक वेदनाशामक नको म्हणत, त्यावरून जखम आणि वेदना यांचे प्रमाण सरळ नसते, असे बीचर यांनी दाखवले. इतर अभ्यासक रोनल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांच्या द्वार-नियंत्रण सिद्धांताकडे (१९६५) बोट दाखवतात; मज्जारज्जूतील एक ‘द्वार’ वेदनेचे संदेश मेंदूकडे जाऊ देते वा अडवते, असे तो सांगतो. ही दोन्ही वेदनेच्या यंत्रणेविषयीची प्रतिपादने आहेत. वैद्याचे कर्तव्य त्यांतून आपोआप निघत नाही. त्या दृष्टीने अमेरिकन परिचारिका मार्गो मॅकॅफरी यांची १९६८ ची व्याख्या अधिक निर्णायक वाटते : अनुभवणारी व्यक्ती जिला वेदना म्हणते ती वेदना, आणि ती आहे म्हणते तेव्हा ती असते. ही व्याख्या रुग्णाच्या उशाशी पाळी करणाऱ्या व्यवसायातून यावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

या भूमिकेची मर्यादा बोलू न शकणाऱ्या रुग्णांपाशी उघड होते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या १९७९ च्या व्याख्येत, ऊतकहानीच्या (शरीरातील पेशीसमूहांना झालेल्या इजेच्या) भाषेत ‘वर्णन केलेला’ अनुभव असा शब्दप्रयोग होता. तान्ही मुले व स्मृतिभ्रंशाचे रुग्ण त्यामुळे बाहेर राहतात, असा आक्षेप आल्यावर २०२० च्या सुधारित व्याख्येतून तो वगळण्यात आला. हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात अर्भकांवर स्नायू शिथिल करणारे औषध व जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. कंवलजीत आनंद व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये फेंटानिल हे प्रबळ वेदनाशामक दिलेल्या व न दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची तुलना केली, तेव्हा ते दिलेल्यांमध्ये ताण-संप्रेरकांची वाढ बरीच कमी आढळली. अशा रुग्णांसाठी आता निरीक्षणाधिष्ठित श्रेणी वापरतात. लहान मुलांच्या एका प्रचलित श्रेणीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे व शांत होण्याची क्षमता यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. पाय पोटाशी घेऊन झाडणाऱ्या मुलाला पायांचे २ गुण मिळतात.

विषमता नेमकी कोठे शिरते, हे अजून वादग्रस्त आहे. लॉस अँजेलिसमधील एका आपत्कालीन विभागात लांब हाडांच्या अस्थिभंगाच्या रुग्णांपैकी हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वा स्पॅनिश मूळ असलेल्या) ५५% व बिगर-हिस्पॅनिक गोऱ्या २६% रुग्णांना वेदनाशामक मिळाले नव्हते (१९९३). वैद्य परक्या रुग्णाची वेदना कमी लेखतात, हे सहज सुचणारे स्पष्टीकरण. परंतु त्याच गटाच्या १९९४ च्या अभ्यासात वैद्यांनी केलेल्या वेदनेच्या अंदाजात वांशिक फरक दिसला नाही. उलट २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यांसारख्या चुकीच्या समजुती बाळगणाऱ्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी व निवासी डॉक्टरांनी कृष्णवर्णीयांची वेदना कमी आंकली. अंदाज आणि औषधाची चिठ्ठी या दोन्ही टप्प्यांवर भेद होत असावा, हे अनुमान तूर्त अधिक ग्राह्य वाटते. स्त्रियांच्या वेदनेला मानसिक ठरवण्याची प्रवृत्तीही नोंदली गेली आहे.

औषधाच्या उपलब्धतेतील दरी याहून मोठी आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी वितरित होणाऱ्या सुमारे २९९ टन मॉर्फीन-सममूल्य (मॉर्फीनच्या मात्रेत मोजलेल्या) ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय, वेदनाशामक औषधांपैकी केवळ ०.१ टन अल्प-उत्पन्न देशांना मिळत होते. तोंडाने घ्यायचे मॉर्फीन मुळात स्वस्त आहे. अडसर प्रामुख्याने व्यसनाची भीती, कडक नियंत्रण व प्रशिक्षणाचा अभाव यांचा आहे.