गार हवेत ऊन बाधत नाही? खुलासा

हवा गार असली की ऊन बाधत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. त्वचा होरपळवणारे अतिनील किरण दिसत नाहीत, त्यांची ऊबही जाणवत नाही. थर्मामीटर ते मोजतच नाही. त्यासाठी अतिनील निर्देशांक (यूव्ही इंडेक्स), म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा असतो. कॅनडाने तो १९९२ मध्ये सुरू केला. तो ३ किंवा अधिक असला की जपायचं.

दर हजार मीटर उंचीला हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये स्वेटर घालूनही चेहरा भाजतो. ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, थेट डोळ्यांत! सावळ्या त्वचेला मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्याचा थोडा आधार असतो, डोळ्यांना मात्र मोतीबिंदूचा धोका राहतोच. लहान मुलांनाही गॉगल घालाच.