टेन्सा भाषा: पुस्तकातली आणि खरी

टेन्सा भाषा शोधायला गेलं की दोन वेगळ्याच गोष्टी हाती लागतात आणि बरेच जण त्यांचा घोळ करतात, म्हणून जरा नीट सांगते.

खरे टेन्सा म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, लुइझियाना राज्याच्या ईशान्य भागात लेक सेंट जोसेफ या तळ्याकाठी राहायचे. १६८२ मध्ये फ्रेंच शोधप्रवासी ला सालच्या मोहिमेतला त्याचा साथीदार तोंती त्यांच्या गावात गेला, तर तिथे जाडजूड मातीच्या भिंतींचं मुख्याचं घर, समोर देऊळ आणि आत कायम तेवत ठेवलेला अग्नी. १७०० च्या मार्चमध्ये वीज पडून ते देऊळ जळालं, आणि देव शांत व्हावा म्हणून आयांनी आपली तान्ही बाळं त्या आगीत टाकली. मला तर हे वाचून पुढे वाचवेना. हे लोक बोलायचे काय, तर शेजारच्या नॅचेझ लोकांचीच भाषा, फ्रेंच मिशनऱ्यांनी तसं लिहून ठेवलंय.

आता दुसरी टेन्सा. १८८० नंतर फ्रान्समध्ये सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकणाऱ्या पारिझो नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने टेन्साची गाणी छापली, १८८२ मध्ये व्याकरण आणि शब्दसंग्रहही आला, म्हणे एका घरातल्या जुन्या कागदांत सापडलं. ही भाषा नॅचेझशी कुठेच जुळत नाही, तरी भले भले फसले. ब्रिंटनसारख्या अभ्यासकाने आधी गाण्यांचं कौतुक केलं आणि मग १८८५ मध्ये त्यानेच ही बनवाबनवी आहे असं जाहीर लिहिलं, ते मला फार मोठं वाटतं. गॅचेट हा भाषातज्ज्ञ मात्र त्या पुस्तकाची बाजू घेत राहिला, पुढे स्वॉन्टन या अभ्यासकाने जुनी फ्रेंच कागदपत्रं काढून वाद जवळपास मिटवला.

म्हणजे व्याकरण, शब्द, गाणी असं सगळं व्यवस्थित दिसलं तर ती बनावट समजा.

कारण खऱ्या टेन्सांची भाषा लिहून ठेवायला कोणी थांबलंच नाही, १७०६ मध्ये त्यांना गाव सोडावं लागलं, मग आजच्या अलाबामातल्या मोबीलकडे गेले, १७६३ नंतर इंग्रज आले तशी परत लुइझियानात, आणि शेवटी चिटिमाचा वगैरे लोकांत मिसळून गेले. अलाबामातली टेन्सॉ नदी त्यांच्याच नावाची.

त्यांची बोली कशी असेल याचा अंदाज घ्यायचा तर नॅचेझकडेच जावं लागतं. १९३० च्या दशकात मेरी हास या भाषातज्ज्ञ बाईंनी ओक्लाहोमात वॉट सॅम आणि नॅन्सी रेव्हन यांच्याजवळ बसून नॅचेझ भाषा वह्यांमध्ये उतरवली, ते दोघं शेवटचे बोलणारे होते.