मॉसची डोकी कशी मोजायची?

हेजहॉग म्हणजे छोटं साळिंदर, असं बऱ्याच जणांना वाटतं. काटे दोघांनाही आहेत, पण नातं फार लांबचं. साळिंदर उंदीर-खारींच्या गणातलं, तर हेजहॉग चिचुंद्रीच्या गोतावळ्यातला. वंशावळीत त्याला साळिंदरापेक्षा घोडा आणि वटवाघूळ जवळचे. आणि साळिंदराला हेजहॉगपेक्षा माणूस जवळचा!

हेजहॉगसारखाच गैरसमज मॉसच्याही वाट्याला येतो, आणि हा घोळ नावापासूनच सुरू होतो. ओल्या भिंतीवरच्या हिरव्या मखमलीला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पण तळ्यातलं शेवाळ वेगळं. मॉस ही जमिनीवरची वनस्पती आहे. तिला फुलं नाहीत, बिया नाहीत आणि खरी मुळंही नाहीत. मॉसच्या जाती सुमारे १२,०००, हेजहॉगच्या जेमतेम दीड डझन. नावांचे नियमही दोघांना वेगळे. प्राण्यांची शास्त्रीय नावं निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात, तर बहुतेक मॉसची वनस्पतिशास्त्रज्ञ हेडविगच्या १८०१ च्या ग्रंथापासून.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी कोणती जात किती धोक्यात आहे ते सांगते; तिच्यात मात्र दोघांना एकाच गजाने मोजतात. जातीचे प्रौढ जीव किती उरले, किती वेगाने घटले, किती जागेत उरले, हे पाहायचं. युरोपातला नेहमीचा हेजहॉग २०२४ मध्ये 'कमी चिंताजनक' वर्गातून 'संकटसमीप' वर्गात गेला. रस्ते, एकसुरी शेती आणि तुटत गेलेली कुंपणझुडपं ही त्यामागची कारणं.

पण मॉसचा 'एक जीव' कोणता? एका गादीत शेकडो रोपटी असतात. ती एकाच बीजाणूतून उगवली की अनेक, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून अभ्यासकांनी एक तोडगा काढला: जमिनीवर किंवा खडकावर एक चौरस मीटरभर मॉस म्हणजे एक जीव, झाडावर वाढणारं असेल, तर एक झाड म्हणजे एक जीव. जुगाडच म्हणायचा, पण मला तो प्रामाणिक वाटतो. त्याच्याशिवाय मोजणी सुरूच झाली नसती.

युरोपात २०१९ मध्ये मॉस आणि त्याच्या भाऊबंदांच्या १,८१७ जाती तपासल्या, तेव्हा २२.५ टक्के धोक्यात निघाल्या. जागतिक यादीत मात्र बहुसंख्य मॉसची तपासणी अजून झालेलीच नाही. त्यांच्यापुढे 'मूल्यमापन नाही' असा शेरा असतो आणि तो अनेकदा 'धोका नाही' असा वाचला जातो.