व्हीलचेअर रग्बी आणि व्हीलचेअर रग्बी लीग यांत फरक काय?

कोल्हापुरात ‘लीग’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर के.एस.ए.ची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, फुटबॉल लीग सुरू झाली की पेठापेठांत गुणतक्त्याची चर्चा रंगते. त्यामुळे ‘व्हीलचेअर रग्बी लीग’ हे नाव वाचले की इथल्या माणसाचा साहजिकच समज होतो, की व्हीलचेअर रग्बी नावाचा एक खेळ असावा आणि ही त्याची साखळी स्पर्धा असावी. वस्तुतः हे दोन स्वतंत्र खेळ आहेत. त्यांचे नियम वेगळे आहेत, चेंडू वेगळे आहेत आणि मुख्य म्हणजे ते कोणाला खेळता येतात, याचे उत्तरही वेगळे आहे.

येथे ‘लीग’ हे रग्बीच्या एका शाखेचे नाव आहे. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब, खेळापायी कामगार खेळाडूंची जी मजुरी बुडते तिची भरपाई द्यावी की नाही या वादातून, मूळ संघटनेपासून वेगळे झाले. त्यातून पुढे तेरा खेळाडूंची रग्बी लीग आणि पंधरा खेळाडूंची रग्बी युनियन असे दोन खेळ झाले. व्हीलचेअर रग्बी लीग ही त्या तेरा जणांच्या खेळाची थेट शाखा आहे. व्हीलचेअर रग्बीचे नाव रग्बीचे असले, तरी तिची घडण बास्केटबॉलच्या मैदानावर झालेली आहे.

हा फरक मला नीट समजून घ्यावा लागला तो माझ्या परिचयाच्या एका शिंप्यांमुळे. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय निकामी आहेत, पण हात असे भक्कम, की जाड कापडाचा गठ्ठा ते बसल्या जागेवरून एका हाताने ओढून घेतात. पॅरालिम्पिकमधील व्हीलचेअर रग्बीचा सामना पाहून त्यांनी विचारले, “हे मला जमेल का?” मी उत्साहाने होकार दिला आणि तिथेच चुकलो.

व्हीलचेअर रग्बीचा जन्म १९७७ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झाला. मानेच्या मणक्याला इजा झाल्यामुळे ज्यांच्या पायांबरोबर हातांतलीही ताकद गेली होती, अशा खेळाडूंना व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये बहुतेक वेळ बाकावरच बसावे लागे. त्यांनी स्वतःसाठी हा खेळ रचला. आजही हात आणि पाय या दोहोंवर परिणाम झालेला असल्याशिवाय खेळाडू त्यासाठी पात्र ठरत नाही. म्हणजे आमच्या शिंपीकाकांचे भक्कम हातच तिथे आड येतात.

या खेळातील गुणांकन तालमीच्या गावाला लवकर उमगेल. कुस्तीत वजनगट असतात, तसे येथे प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेनुसार ०.५ ते ३.५ पर्यंत गुण ठरवून दिलेले असतात. फरक असा, की येथे तुल्यबळता जोडीजोडीने पाहिली जात नाही, तर संपूर्ण संघाची मोजली जाते. मैदानावरील चौघांच्या गुणांची बेरीज ८ च्या वर जाता कामा नये, आणि संघात स्त्री खेळाडू असल्यास प्रत्येकीमागे अर्ध्या गुणाची सवलत मिळते. त्यामुळे सर्वांत कमी ताकदीच्या खेळाडूवाचून संघाचे गणितच जुळत नाही. मला या खेळातील ही सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

चेंडू व्हॉलीबॉलसारखा गोल असतो. तो मांडीवर ठेवून नेता येतो, मात्र दर दहा सेकंदांच्या आत एकदा टप्पा पाडावा लागतो किंवा पास द्यावा लागतो. पास पुढेही देता येतो. चेंडू ताब्यात ठेवून खुर्चीची दोन चाके गोलरेषेपलीकडे गेली की एक गुण मिळतो. खुर्ची खुर्चीवर आदळणे वैध आहे, अंगाला धक्का देणे नाही. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून या खेळाला पदके आहेत आणि २०२४ मध्ये पॅरिसचे सुवर्ण जपानने जिंकले.

व्हीलचेअर रग्बी लीग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी फ्रान्समध्ये आकाराला आली. तिच्यात चेंडू लंबगोल असतो, पास मागेच द्यावा लागतो आणि संघात पाच खेळाडू असतात. प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फीत असते; चेंडूवाल्याची फीत ओढून काढली की तो पकडला गेला असे धरतात. ट्राय म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे; त्यानंतरची किक मुठीने चेंडू मारून घेतली जाते. स्त्री-पुरुष एकत्र खेळतात, आणि ज्यांना कोणतेही अपंगत्व नाही, असे लोकही खुर्चीत बसून खेळू शकतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात मात्र अशा खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे. २०२२ मध्ये मँचेस्टरला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने फ्रान्सला २८–२४ असे हरवले.

सर्वांना खुला आहे म्हणून दुसरा खेळ अधिक समावेशक, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते मला पटत नाही. ज्याची बोटे मिटत नाहीत, त्याला खुल्या खेळात पुन्हा बाकावरच बसावे लागण्याची भीती आहे. त्याच्यासाठी पहिल्या खेळाचे बंद दार हेच संरक्षण आहे. उलट ज्याला भावंडांबरोबर किंवा मुलांबरोबर एकाच संघात उतरायचे आहे, त्याची सोय दुसऱ्या खेळात होते. म्हणून एखाद्या संस्थेने खुर्च्यांसाठी देणग्या जमवण्याआधी, आपल्याकडे येणाऱ्यांच्या हातांची स्थिती काय आहे, हे आधी पाहावे.

शिंपीकाकांकडे मी दुसऱ्यांदा गेलो आणि माझी चूक कबूल करून हे सारे सांगितले. त्यांचा मुलगा पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळतो. तोही आपल्या शेजारी खुर्चीत बसून खेळू शकेल, हे ऐकल्यावर त्यांनी मशीन थांबवले. खांद्यावरची फीत कशाने चिकटवतात, एवढेच त्यांनी विचारले. वेल्क्रोने, असे सांगताच त्यांनी खण उघडला, दोन बोटे रुंदीची पट्टी कापली, एका जुन्या शर्टाच्या खांद्यावर टाचली, तिच्यावर फीत दाबून बसवली आणि मुलाला ओढायला सांगितले. पहिल्या खेपेस फितीबरोबर पट्टीही टाक्यांसकट निघून आली. दुसरी त्यांनी दुहेरी शिवणीने बसवली.